टप्पा, अदमास आणि यंत्र : धनुष्याच्या शिकारीत अंतर मोजण्याचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ आमच्याकडे आले आणि जरा संकोचूनच म्हणाले, "विषय वेगळा आहे, पण विचारतो. मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. त्यानं तिथे धनुष्यबाणानं हरणाची शिकार करायचा परवाना काढलाय. आता तो रेंजफाइंडर घेतोय, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र. कुठला घेऊ म्हणून मला विचारतो. मी काय सांगणार? त्याच्या आईला तर हे सगळंच पटलेलं नाही."

आम्ही हसलो, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आम्ही काही शिकारी नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा विषयच मिटला. पण वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की "अंतर कसं मोजायचं" या प्रश्नाला निदान पाचशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि "कुठलं यंत्र घेऊ" याचं उत्तर त्या इतिहासात बरंचसं सापडतं. म्हणून आज त्या गृहस्थांना उत्तर द्यायचं आहे, थोड्या लांबच्या वाटेनं.

आधी एक प्रयोग. तुम्ही बसलात तिथून मागच्या दारापर्यंत किती वार अंतर असेल? वार म्हणजे यार्ड, तीन फूट, आपल्या कापडवाल्याचा जुना वार. मनात एक आकडा धरा आणि शेजारच्याला विचारा. आम्ही सुरुवातीला पहिल्या रांगेत विचारलं, तर उत्तरं बारापासून तीसपर्यंत आली. फीत धरून मोजलं तेव्हा एकोणीस भरले. हा दोष तुमचा नाही. माणसाच्या डोळ्याला जवळ आणि दूर कळतं, पण आकडा कळत नाही. उघड्या माळावर तेच अंतर कमी वाटतं, झाडीत वेगळंच वाटतं, आणि संध्याकाळी आणखी वेगळं.

पण मग गोफणीनं पाखरं राखणाऱ्याचा धोंडा बरोबर कसा पडतो? तो कुठे आकडा काढतो? काढत नाही. त्याच्या हाताला अंतर कळतं. हजार धोंडे मारून हात शिकलेला असतो. हे "हाताला कळणं" आणि "आकड्यात कळणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या व्याख्यानात एवढा फरक ध्यानात ठेवा.

आता सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊ. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४१ मध्ये, तिरंदाजीबद्दल एक कायदा झाला. बंदुका येत होत्या, लोक धनुष्य विसरत होते, आणि राजाला युद्धासाठी तिरंदाज हवे होते. त्या कायद्यातली दोन कलमं आपल्या कामाची आहेत. चोवीस वर्षांवरच्या पुरुषानं २२० वार किंवा त्याहून कमी अंतरावरच्या निशाणावर नेम धरू नये, हे एक. दुसरं त्याहून मजेचं आहे. चोवीस वर्षांखालच्या मुलांनी एकाच ठरलेल्या निशाणावर पुनःपुन्हा बाण मारू नयेत. हिंडत हिंडत मारावेत आणि प्रत्येक बाणाला निशाण बदलावं.

असं का? एका जागेवरून एकाच निशाणावर शंभर बाण मारले तर नेम सुधारतो, पण अंतराचा अदमास येत नाही. शत्रू काही ठरलेल्या अंतरावर उभा राहत नाही. प्रत्येक बाणाला नवं निशाण म्हणजे प्रत्येक बाणाला नवा अदमास. अंतर ओळखण्याचं शिक्षण चक्क कायद्यात घातलं होतं.

चारच वर्षांनी, १५४५ मध्ये, रॉजर अ‍ॅस्कमचं 'टॉक्सोफिलस' हे पुस्तक आलं. हेच अ‍ॅस्कम पुढे राजकन्या एलिझाबेथचे शिक्षक झाले. निशाण साधण्याचे त्यांनी दोन भाग केले : बाण सरळ जाणं आणि बाणाची लांबी राखणं. सरळपणा एक वेळ सरावानं येतो. लांबी मात्र वाऱ्यावर, हवेवर, जमिनीच्या चढउतारावर अवलंबून असते, म्हणून तिच्यासाठी डोळा तयार करावा लागतो.

त्याच काळात लंडनच्या उत्तरेला फिन्सबरीच्या शेतांमध्ये तिरंदाजांसाठी ठिकठिकाणी निशाणं रोवलेली होती. प्रत्येक निशाणाला नाव होतं. शतक संपताना या निशाणांची छोटी पुस्तकं छापली गेली. अमुक निशाणापासून तमुक निशाणापर्यंत इतके वार, असे त्यात तक्ते असत. तिरंदाज पुस्तक खिशात घालून निघायचा, अंतर आधी वाचायचा आणि मग बाण सोडायचा. आम्हाला विचाराल तर धनुर्धराच्या खिशातला हा पहिला छापील रेंजफाइंडर. हे फिन्सबरी लक्षात असू द्या, शेवटी तिथेच परत यायचं आहे.

आता तिथून तीनशेहून जास्त वर्षं पुढे आणि अटलांटिकच्या पलीकडे, कॅलिफोर्नियात. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. याही लोकांपैकी तो शेवटचा उरलेला. त्याचे लोक गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत आणि उपासमारीत संपले होते. त्यानं आपलं नाव कधी सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटलं. त्याच्या भाषेत याचा अर्थ फक्त 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या संग्रहालयात तो राहू लागला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि शिकार करायला शिकले. १९१६ च्या मार्चमध्ये इशी क्षयानं गेला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकेतल्या आजच्या या छंदाचं मूळ बहुतेक जण तिथे शोधतात.

पोप यांनी एक निरीक्षण प्रामाणिकपणे नोंदवलंय. मैदानातल्या लांबच्या गोल निशाणावर इशी त्यांच्या मानानं कच्चा होता. पण जवळच्या, जिवंत, छोट्या सावजावर त्याचा हात विलक्षण होता. कारण इशीनं अंतराचा प्रश्न मोजून सोडवलाच नव्हता. त्यानं तो जवळ जाऊन सोडवला होता. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे अंघोळ करून अंगाला सुवासिक पाला चोळत असे. वाऱ्याची दिशा बघत असे. बोटं ओठांना लावून सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढत असे आणि सावज आपणहून त्याच्याकडे येत असे. आपल्या भाषेत म्हणतात ना, "टप्प्यात आलं"? इशीचं सगळं कसब सावज टप्प्यात आणण्यात होतं. टप्प्यात आल्यावर किती वार हा प्रश्नच उरत नाही.

मग आकडा लागायला लागला कधी? त्यासाठी आपल्या गृहस्थांच्या मुलाच्या गावी, विस्कॉन्सिनला, जाऊ. धनुष्यानं हरीण मारण्याचा स्वतंत्र हंगाम आधुनिक अमेरिकेत पहिल्यांदा इथेच झाला, १९३४ मध्ये, सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत. आणि याच सॉक काउंटीत पुढच्या वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक अल्डो लिओपोल्ड यांनी एक पडीक शेत घेतलं. पर्यावरणविचारात त्यांचं नाव मोठं आहे, पण ते स्वतः धनुष्यं बनवणारे शिकारी होते हे फार जणांना माहीत नसतं. पत्नी एस्टेला तर राज्यात नावाजलेल्या तिरंदाज होत्या. त्यांचं 'अ सँड काउंटी अल्मनॅक' त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये, प्रसिद्ध झालं. शिकारीतल्या उपकरणांच्या वाढत्या बाजाराबद्दल त्यात त्यांनी काळजी व्यक्त केली आहे. मात्र योग्य आणि अयोग्य उपकरणाची नेमकी रेघ कुठे ओढायची हे आपल्यालाही सांगता येत नाही, अशी कबुलीही ते देतात. त्यांचा आणखी एक मुद्दा असा : खेळाडूला प्रेक्षक असतात, शिकाऱ्याला नसतात. तो रानात काय करतो हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. त्यामुळे पंच त्याला स्वतःच व्हावं लागतं.

यानंतरचं वळण १९६६ चं. मिसूरीतल्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांनी टोकांना चाकं बसवलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये पेटंट मिळालं. हे कंपाउंड धनुष्य. दोरी पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे हातावरचा भार एकदम हलका होतो. साध्या धनुष्यात दोरी ताणून क्षणभरच थांबता येतं. इथे थांबून, निवांत नेम धरता येतो. बाणही खूप वेगानं जातो. मग धनुष्यावर नेमाच्या काड्या आल्या : एक वीस वारांची, एक तीसची, एक चाळीसची. खरा बदल इथे झाला. काडी हातासारखी नसते, ती आकडा मागते. हरीण तिसावर की चाळिसावर हे ठरवल्याशिवाय कुठली काडी लावायची तेच कळत नाही. गोफणवाल्याच्या हाताचं ज्ञान इथे उपयोगी पडेना आणि अंतराचं यंत्र गरजेचं झालं.

आता थोडा हिशेब करू. हवेचा रोध बाजूला ठेवू. धरा की हरीण आहे चाळीस वारांवर आणि शिकाऱ्याला वाटलं तीसवर. जुन्या साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला १५० फूट वेगानं जात असेल, तर तो सुमारे अडीच फूट खाली जाईल. कंपाउंडचा बाण सेकंदाला ३०० फूट वेगानं जात असेल, तर तो सात-आठ इंच खाली जाईल. पाहिलंत, केवढी सुधारणा!

पण थांबा. हरणाच्या छातीत बाण वर्मी लागावा अशी जागा असते साधारण आठ-दहा इंचांची, एका ताटलीएवढी. नेम ताटलीच्या मध्यावर. अडीच फूट खाली गेलेला बाण पोटाखालून निघून जातो, हरीण पळतं आणि जगतं. सात-आठ इंच खाली गेलेला बाण ताटलीच्या बाहेर पण हरणाच्या अंगात लागतो, छातीच्या खालच्या कडेला, पायात. ते हरीणही पळतं. पुढे त्याचं काय होतं हे शिकाऱ्याला अनेकदा कळतही नाही. म्हणजे धनुष्य सुधारलं, चूक लहान झाली, आणि नेमकी ती लहान चूक जास्त क्रूर ठरली. रेंजफाइंडर हा चैनीचा प्रश्न राहत नाही तो यामुळे.

यंत्राची गोष्ट तशी जुनीच, आणि शिकारीतली नाही, लढाईतली. १८८८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्यानं पायदळासाठी अंतरमापक हवा अशी जाहिरात दिली. लीड्सचे दोन प्राध्यापक, आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड, कामाला लागले. लष्करानं त्यांचं यंत्र नाकारलं, नौदलानं मात्र घेतलं. तत्त्व असं : एका नळीच्या दोन टोकांना दोन खिडक्या. दोन्हींतून येणाऱ्या प्रतिमा चाक फिरवून एकावर एक जुळवायच्या. नळीची लांबी ठाऊक, कोन मिळाला, की त्रिकोणावरून अंतर निघतं. आपल्याकडे मद्रासजवळ १८०२ मध्ये लॅम्टननं पायाची रेषा मोजून जी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तेच गणित इथे एका नळीत बसवलं. त्याची मर्यादाही तीच : पाया आखूड असेल तर लांबचं अंतर चुकतं. म्हणून युद्धनौकांवरच्या नळ्या कित्येक फूट लांब झाल्या.

हेच यंत्र हातात मावेल एवढं करून १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकन शिकाऱ्यांना विकलं गेलं. वीस-तीस वारांना ते बरं चालायचं. पण पाया वीतभराचा, त्यात चाक फिरवत प्रतिमा जुळवायच्या, आणि तेही अंधूक प्रकाशात. तोवर हरीण कशाला थांबतंय?

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅलिबू इथे थिओडोर माइमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला. काही वर्षांत लष्करी लेझर अंतरमापक आले आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला ते सामान्य गिऱ्हाइकाच्या खिशात पोचले. इथे त्रिकोण नाही. डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाची चमक जाते, आपटून परत येते, आणि यंत्र तो वेळ मोजतं. तीस वारांवर जाऊन परत यायला प्रकाशाला किती वेळ लागतो? सेकंदाचे ५५ लाख भाग करा, त्यातला साधारण एक. पाच शतकं डोळ्यानं जे साधलं नाही ते बोटाच्या एका दाबानं झालं.

आता त्या मुलाला काय सांगायचं? यंत्राच्या खोक्यावर मोठा आकडा असतो : हजार वार, पंधराशे वार. तो चकचकीत परावर्तक वस्तूसाठी असतो. हरणाच्या केसाळ अंगावरून चमक तेवढी परतत नाही, त्यामुळे हरणासाठीचा खरा पल्ला बराच कमी भरतो. आणि धनुष्याच्या शिकाऱ्याला एवढा पल्ला हवाय कशाला? त्यानं पाहायचं ते उलटं टोक, म्हणजे किती जवळचं अंतर अचूक येतं ते. दहा-वीस वारांवर यंत्र अडखळत असेल तर ते बंदूकवाल्याचं आहे. दुसरं, हरीण येतं ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. काळे आकडे त्या उजेडात दिसत नाहीत, उजळणारे लाल आकडे दिसतात; पण ते मंद करता आले पाहिजेत, नाहीतर डोळे दिपतात. तिसरं, मध्ये फांद्या-गवत असेल तर यंत्र आधी लागलेल्या फांदीचंच अंतर सांगून मोकळं होतं. मागची वस्तू निवडायची सोय आहे का ते पाहावं आणि ती घरी शिकून घ्यावी. चौथं, आवाज. थंडीत बटणाची टिकटिक हरणाला पुरते.

उताराच्या कोनाचा हिशेब करणारी यंत्रंही असतात. वीस फुटी मचाणावरून वीस वारांवरचं हरीण पाहिलं तर तिरकं अंतर एकवीस वार भरतं. फरक एका वाराचा, म्हणजे सोडून द्या. पण पश्चिमेकडच्या डोंगरात ४५ अंशांच्या उतारावर चाळीस वार दिसले तर नेमासाठी ते फक्त अठ्ठावीस असतात. तिथे हा हिशेब हवाच. मुलगा विस्कॉन्सिनच्या सपाट रानात मचाणावर बसणार असेल, तर त्यासाठी फार पैसे मोजू नयेत.

आणि धनुष्यावरच बसवलेलं यंत्र? २०१८ मध्ये गार्मिन कंपनीनं दोरी ताणलेली असतानाच अंतर मोजून नेमाचा ठिपका दाखवणारं उपकरण आणलं. यावर तिथे मोठा वाद आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या आणि पोप व त्यांचे सोबती आर्थर यंग यांचं नाव लावणाऱ्या क्लबाच्या नियमांत धनुष्याला इलेक्ट्रॉनिक उपकरण जोडण्यास अनेक वर्षे मनाई होती. काही राज्यांच्या कायद्यांतही तशी मनाई आली. हातातलं यंत्र चालेल, धनुष्यावरचं नको. रेघ अशीच का, असं कोणी विचारेल. लिओपोल्डनाही ती नेमकी सांगता आली नव्हती. पण रेघ ओढायची गरज सगळ्यांना वाटली, ही इतिहासातली महत्त्वाची गोष्ट. मुलानं आधी आपल्या राज्याचा चालू नियम वाचावा.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यात मोठा. समजा, यंत्रानं चाळीस वार बरोबर सांगितलं. दोरी सुटल्याचा आवाज सेकंदाला ११०० फूट जातो. हरणाला तो ०.११ सेकंदात ऐकू येतो आणि बाण पोचतो ०.४ सेकंदात. मधल्या पाव सेकंदाहून जास्त वेळात हरीण दचकून उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं, आणि मोजूनमापून सोडलेला बाण भलतीकडे लागतो. वीस वारांवर हाच वेळ निम्मा होतो, आणि त्याला दबायला फारशी सवड मिळत नाही. कुठलाही रेंजफाइंडर हा वेळ कमी करत नाही. उलट आकडा हातात आला की माणसाला धीर येतो, आणि पूर्वी ज्या अंतरावर त्यानं दोरी ओढली नसती तिथे तो ओढतो. अंतर कळलं म्हणजे सावज टप्प्यात आलं असं नाही.

म्हणून त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं आहे. मुलाला म्हणावं, जवळचं अंतर अचूक सांगणारं, अंधुकात वाचता येणारं, आवाज न करणारं साधं यंत्र घे. मचाणावर चढलास की हरीण यायच्या आधीच ते वापर. समोरचं ओकचं झाड किती, तो दगड किती, ओढ्याचं वळण किती, मोजून ठेव. प्रत्येकाला मनात नाव दे. मग यंत्र खिशात घाल. हरीण दगडाच्या अलीकडे आलं तर विचार कर. पलीकडे राहिलं तर बघत बस आणि घरी जा. फिन्सबरीचे तिरंदाज निशाणांना नावं देऊन हेच करत होते. आणि दगड कुठला धरायचा, हे यंत्र सांगणार नाही. ते तुलाच आधी ठरवावं लागेल.

त्याच्या आईलाही हे सांगा. त्यांची नापसंती आम्हाला अगदीच बाजूला टाकावीशी वाटत नाही. मुलानं दगड जवळचा धरावा यासाठी ती उपयोगाची आहे.

आता मागच्या दाराचा अदमास कोणाचा बरोबर आला होता, त्यांनी हात वर करा.